महापालिकेचा टँक, महिलांची बॅच आणि एक सहा तासांची सभा

आधी कामाचं सांगते. पोहण्याच्या टँकवर जरूर जा, पण उथळ बाजूला डावीकडच्या शिडीनं उतरू नका. तिथली काठावरची जाळी तुटलीय आणि तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स घडी घालून अंथरलाय. लांबून पायपुसणं वाटतं. माझा पाय आत गेला तेव्हा फ्लेक्सही नव्हता, नुसतं भोक होतं. नडगीला तीन टाके पडले आणि वर धनुर्वाताचं इंजेक्शन. लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आणि नवव्या दिवशी फ्लेक्स आला. अर्जाच्या पोचेवर ‘कार्यवाही केली’ असा शेरा मारलेला आहे. तो मी जपून ठेवलाय.

एवढं होऊनही मी पाचपैकी साडेतीन तारे देतेय, आणि तेही कुणाच्या भिडेखातर नाही. पाण्याला चार. जीवरक्षक ताईंना पाचच्या पाच. कपडे बदलायच्या खोलीला एक. महापालिकेच्या सभागृहाला किती द्यायचे ते खाली बघू. हो, सभागृहालाच. टँकबद्दल लिहायला बसले आणि निम्मं लिखाण सभेवर गेलं, कारण जाळीवर फ्लेक्स का आहे याचं उत्तर टँकवर नाही, तिकडं आहे.

शहराचं नाव लिहीत नाही. पास दर महिन्याला त्याच खिडकीवर काढायचाय.

मी छप्पन्न वर्षांची. तीस वर्षं एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसले. त्यातून दोन गोष्टी मिळाल्या: मणक्यातली गॅप आणि दिसेल ते मोजायची खोड. माहेर कोल्हापूरच्या बाजूचं. आमच्या विहिरीत भाऊ पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, मुटके मारून मारून धुणं धुणाऱ्या आम्हा बहिणींना भिजवायचे. आम्ही काठावर. पोरींनी पाण्यात उतरायचं नाही हे कुणी सांगितलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे डॉक्टर जेव्हा ‘पोहायला जा’ म्हणाले तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते आणि गुडघ्याच्या वर पाणी मला फक्त पंचगंगेच्या पुरात ठाऊक होतं.

महिलांची बॅच सकाळी अकरा ते बारा. वेळ कुणी ठरवली देव जाणे. नोकरीवाल्या बायकांना जमत नाही, घरच्या बायकांचा स्वयंपाक अर्धा राहतो, आणि एप्रिल-मेमध्ये डोक्यावर ऊन. पुरुषांच्या आणि मुलांच्या मिळून सहा बॅचेस, आमची एक. पण त्या एका तासात जे चालतं ते पन्नास रुपयांच्या तिकिटात दुसरीकडे कुठं मिळणार नाही. महिन्याचा पास पाचशेचा. आमच्या बॅचला एक पंच्याहत्तरीच्या आजी आहेत. नऊवारी उतरवून गुडघ्यापर्यंतचा निळा नायलॉनचा पोशाख चढवतात, टोपी घालतात, आणि खोल बाजूला जाऊन वीस मिनिटं नुसत्या उताण्या तरंगतात. हात पाय काही हलवत नाहीत. पहिल्या दिवशी मी घाबरून ताईंना हाक मारली होती. ताई म्हणाल्या, “असू द्या काकू, त्यांचा जप चाललाय.”

या ताई म्हणजे आमच्या जीवरक्षक. ठेकेदाराकडून आहेत, महापालिकेच्या आस्थापनेवर नाहीत. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. पहिले चार दिवस मी काठाची नळी सोडतच नव्हते, सोडली की पाण्यालाच मूठ मारायची. त्या म्हणाल्या, “काकू, पाणी धरू नका, ते धरता येत नाही. त्याच्यावर टेका.” पाचव्या दिवशी मी टेकले. सतराव्या दिवशी रुंदी पार केली, म्हणजे बारा मीटर. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, “बरं झालं, आता पुराची भीती नाही.” असो. ताई रजेवर असल्या की महिलांची बॅच रद्द, कारण दुसरी महिला जीवरक्षकच नाही. गेल्या वर्षी अशा एकतीस बॅचेस बुडाल्या. पासाचे पैसे परत नाहीत. मोजायची खोड म्हटलं ना.

आता पाणी. टँक पंचवीस मीटर लांब, बारा रुंद, साडेतीन फुटांपासून सात फुटांपर्यंत खोल. सरासरी खोली १.६ मीटर धरली तर पाणी भरतं चार लाख ऐंशी हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठेचाळीस टँकर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं सभेत लागणार आहे. ताई रोज बॅचच्या आधी पाण्यातला क्लोरीन मोजायची ओटी टेस्ट करतात, म्हणजे नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे आणि पिवळेपणा किती येतो ते बघायचं. कमी आला तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वाढवतात. दाराशी फळा आहे, त्यावर क्लोरीन, पीएच आणि तापमान लिहिलेलं असतं. पीएच ७.४, फार छान आकडा. तो मी पाच वर्षं बघतेय, कारण तो ऑइल पेंटनं लिहिलाय. खरा आकडा ताईंच्या वहीत असतो, मागितला की दाखवतात.

बऱ्याच जणी नाक मुरडतात की क्लोरीनचा वास फार येतो, म्हणजे जास्त टाकतात. माझाही तोच समज होता. तसं नसतं. तो डोळ्यांत चुरचुरणारा वास क्लोरीन घामात, तेलात आणि (लिहायला लाज वाटते, पण) लघवीत मिसळून झालेल्या संयुगाचा असतो. म्हणजे वास आला तर पाण्यात क्लोरीन जास्त नाही, माणसाचा मळ जास्त. म्हणून आधी शॉवर घ्या म्हणतात. केसाला तेल थापून उतरणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी आहे. मुलांच्या सुट्टीच्या बॅचनंतर वास सगळ्यात जास्त येतो, त्याचं कारण मी आणखी उलगडून सांगत नाही.

कपडे बदलायची खोली बघूनच अर्ध्या बायका परत जातात. तीन शॉवर, त्यातला चालू एक. आत्ताआत्तापर्यंत दोन खोल्यांना कड्या नव्हत्या. ओढणीचं टोक खिळ्याला बांधायचं आणि आतून दुसरं टोक धरून उभं राहायचं, अशी आमची पद्धत होती. उरलेला हात कपडे बदलायला. लॉकर आहेत, कुलूप आपलं न्यायचं. आरसा होता, गेला. भिंतीवर मात्र संगमरवरी कोनशिला झकास आहेत: भूमिपूजनाची एक, उद्‌घाटनाची एक, नूतनीकरणाची एक आणि बाहेरच्या ओपन जिमची एक. चारही मिळून एकूण तेवीस नावं. फिल्टरची मोटर बदलली त्याची कोनशिला नाही. मोटर बदलल्याची कोनशिला कोण लावणार!

आणि त्या मोटरवरूनच सगळं सुरू झालं.

गेल्या ऑक्टोबरात फिल्टरची मोटर जळाली. मागणीपत्र गेलं, दरपत्रकं मागवली, फाइल फिरायला लागली. तिसऱ्या दिवशी पाण्याला हिरवट झाक आली, सहाव्या दिवशी तळाची रेघ दिसेना, दहाव्या दिवशी बेडूक. पंधराव्या दिवशी सगळं पाणी गटारीत सोडून दिलं. अठ्ठेचाळीस टँकर. मोटरची किंमत त्या मानानं किती होती हे सांगितलं तर तुम्ही हसाल, म्हणून सांगत नाही. टँक अडीच महिने बंद. माझी पाठ पुन्हा धरली. आजी रोज अकराला रिक्षानं यायच्या, कुलूप बघायच्या आणि परत जायच्या. नंतर नंतर वॉचमनच त्यांना खुर्ची द्यायला लागला.

तेव्हा आमच्याकडे निवडून आलेलं सभागृह नव्हतं. राज्यातल्या बहुतेक महापालिकांसारखंच आमच्याकडेही सगळं प्रशासकाच्या हातात होतं. तक्रार करायला नगरसेवक नाही, माजी नगरसेवक म्हणायचा “मी काय करणार ताई, मी माजी.” १५ जानेवारी २०२६ला एकदाचं २९ महापालिकांचं मतदान झालं. आमच्या प्रभागात चारजण निवडून आले आणि चौघांनीही प्रचारात टँकचं आश्वासन दिलेलं होतं. एकानं तर ऑलिंपिक दर्जाचं. मी फक्त कडी मागितली होती.

अंदाजपत्रकाची विशेष सभा लागली तेव्हा आम्ही बॅचमधल्या पाचजणी प्रेक्षक गॅलरीत गेलो. नगरसचिव कार्यालयातून पास मिळतो, ओळखपत्र लागतं. पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, याची नोंद घ्या. पहिल्या दिवशी वंदे मातरम् झालं, श्रद्धांजली झाली आणि सभा तहकूब. दुसऱ्या दिवशी गणपूर्तीसाठी घंटी वाजत राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र सहा तास चालली.

अंदाजपत्रकाचं पुस्तक आमच्यातल्या एकीनं आधीच मिळवलं होतं. क्रीडा आणि उद्यानांची पानं आम्ही आदल्या दिवशी टँकच्या पायऱ्यांवर बसून वाचली होती. नवीन क्रीडा संकुल, सिंथेटिक ट्रॅकसह: बेचाळीस कोटी. प्रभागनिहाय बाकडी बसवणे. ओपन जिमची साधनं. आणि खाली, पानाच्या अगदी तळाला, ‘जलतरण तलाव देखभाल-दुरुस्ती’ या शीर्षापुढं एक हजार रुपये. मला वाटलं छापण्याची चूक. एक हजार कोटी तर नसतील? मग कळलं, याला टोकन तरतूद म्हणतात. हेड उघडून ठेवायचं, म्हणजे वर्षात कधी पैसे वळवायचे झाले तर वळवता येतात. क्रीडा विभागानं मागितले होते अठरा लाख. त्यात मोटर, एक जादा मोटर, जाळ्या, शॉवर आणि खोल्यांची दारं. मी तिथंच भागाकार केला: बेचाळीस कोटींत असे दोनशे तेहतीस टँक दुरुस्त होतात. आमच्याकडे एकच आहे.

असं का होतं हे गॅलरीत बसून जितकं कळलं तितकं आयुष्यात कधी कळलं नव्हतं. नवीन बांधकाम हा भांडवली खर्च, दुरुस्ती हा महसुली. नव्या इमारतीला सरकारकडून अनुदान आणता येतं, जिल्हा नियोजनातून मागता येतं, आमदार निधी लावता येतो. खासदार निधी तर मुख्यतः टिकाऊ मालमत्ता उभारण्यासाठी असतो. मोटर जळाली, जाळी तुटली, ताईंचा पगार द्यायचा, याला वरून कुणी पैसा देत नाही. तो आपल्या घरपट्टीतूनच काढायचा. त्यामुळे बेचाळीस कोटी मिळवणं महापालिकेला अठरा लाख काढण्यापेक्षा सोपं जातं. पतसंस्थेत असा ताळेबंद आम्ही मांडला असता तर लेखापरीक्षकानं चष्मा काढून आमच्याकडे बघितलं असतं.

चर्चेत आधी खाशाबा जाधव आले. ते येणारच. १९५२, हेलसिंकी, गोळेश्वरचा मल्ल, कांस्यपदक. मग पॅरिस ऑलिंपिकमधले नेमबाज स्वप्नील कुसाळे आले. बाकं वाजली. ट्रॅक झाला की आपल्या शहरातूनही पदक येईल असं तीन वक्ते म्हणाले. मला राहून राहून वाटत होतं, कुणीतरी मुरलीकांत पेटकरांचं नाव घेईल. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं, उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक, तेही पोहण्यात, तेही उपचारातून. टँकच्या चर्चेत याहून मोठा दाखला कुठला? पण सहा तासांत ते नाव आलं नाही. गॅलरीतून बोलायची परवानगी नसते. मी आजींना सांगितलं, त्या म्हणाल्या, “चिठ्ठी पाठव.” चिठ्ठीही पाठवता येत नाही.

मग शहराच्या हद्दीत घेतलेल्या, म्हणजे समाविष्ट गावांतले एक नगरसेवक उठले. तरुण, आवाज खणखणीत. “आमच्याकडं अजून टँकरनं पाणी येतं. बाया रात्री दोनला उठून भरतात. आणि इथं रोज पाच लाख लिटर पाण्यात डुंबायचं? हा तलाव उन्हाळ्यात बंदच ठेवा.” सभागृह शांत झालं. खरं सांगते, माझी मान खाली गेली. त्याचं म्हणणं मनाला लागलं, कारण आमच्या कामवाल्या मावशी त्याच गावच्या.

पण रोज पाच लाख नाही हो. एकदा भरलं की तेच पाणी वाळूच्या फिल्टरमधून फिरत राहतं. टँकचा पृष्ठभाग तीनशे चौरस मीटर. एक सेंटीमीटर पातळी उतरली म्हणजे तीन हजार लिटर गेले, आणि कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण तेवढंच उडतं. त्यात फिल्टर उलटा धुवायला लागतं ते धरा. तेही झाडांना घालता येईल, आमच्याकडे गटारीत जातं. म्हणजे रोजचा खर्च एका टँकरच्याही आत. पाच लाख लिटर वाया गेले ते फक्त एकदा, मोटर जळाली तेव्हा. पाणी वाचवायचं म्हणून दुरुस्तीचे पैसे कापले तर पुन्हा तेच होणार. हे सगळं माझ्या वहीत लिहिलेलं होतं, आणि वही गॅलरीत होती.

कुणीतरी ओरडलं, “पोहण्याचा तलाव ही ऐच्छिक बाब आहे, ऐच्छिक!” नगरसचिवांनी पुस्तक काढलं. १९४९चा महापालिका कायदा. कलम ६३मध्ये महापालिकेनं जी कामं केलीच पाहिजेत ती: रस्ते, गटारं, पाणी, दिवाबत्ती. कलम ६६मध्ये जी वाटलं तर करावीत ती. बागा, क्रीडांगणं, पोहण्याचे तलाव त्यात. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका ज्येष्ठ नगरसेवकानं बसल्या बसल्या विचारलं, “आमच्या शाहू महाराजांनी १९१२ला खासबाग मैदान बांधलं, ते कुठल्या कलमाखाली?” सगळं सभागृह हसलं, महापौरही हसले. माझे वडील मला खांद्यावर बसवून खासबागेत कुस्ती दाखवायला न्यायचे. दगडी उतारावर कुठंही बसलं तरी लाल माती दिसते, पुढच्या माणसाचा फेटा मध्ये येत नाही. मला हसू आलं नाही, नाक चोंदलं.

बेचाळीस कोटींच्या संकुलालाही मी सरसकट नावं ठेवणार नाही. माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे चारला हायवेच्या कडेनं धावतो. त्याला ट्रॅक हवाच आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की ट्रॅक झाल्यावर त्याचं देखभालीचं हेड किती रुपयांनी उघडणार, हे आज कुणीतरी विचारावं. विचारलं नाही.

चहा आणि बटाटेवडा झाल्यावर (गॅलरीला वडा नाही, नोंद घ्या) पारडं फिरलं, आणि फिरवलं त्याच समाविष्ट गावांच्या नगरसेवकानं. कुणी त्याला बाहेर काय सांगितलं माहीत नाही. तो पुन्हा उठला आणि म्हणाला, “आमच्याकडं दगडखाणी आहेत. पोरं तिथंच पोहायला जातात. दर मे महिन्यात एखाद्या घरावर घाला पडतो. टँक बंद करा म्हणालो ते मागं घेतो. पण मग आमच्या शाळांच्या पोरांना आठवड्याला एक बॅच फुकट द्या आणि बस द्या.” हे बोलताना त्याचा तो खणखणीत आवाज नव्हता. सहा तासांत पहिल्यांदाच मला वाटलं की इथं माणसं बसलीत.

मग एका नगरसेविकेनं नियमांचा आधार काढला. महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के निधी राखायचा असतो, दरवर्षी त्यातून शिलाई मशीन वाटतो, यंदा त्यातून टँकवरच्या महिलांच्या खोल्या करा. दिव्यांगांच्या पाच टक्क्यांतून उताराला कठडा आणि पाण्यात उतरायची सोय करा. त्या आमच्या प्रभागाच्या नाहीत. त्यांना पोहता येतं की नाही माहीत नाही. पण त्यांनी वाचलेलं होतं. बाकीचे मोबाइलमध्ये होते. मध्येच एकजण कुठल्याशा रस्त्याच्या विषयावरून राजदंडाकडे धावला, दहा मिनिटं त्यात गेली.

शेवटी उपसूचना आली: बाकड्यांच्या हेडमधून टँकच्या हेडमध्ये चौदा लाखांचं वर्गीकरण. आमच्या प्रभागात बसणाऱ्यांपेक्षा बाकडी जास्त झालीत, त्यामुळे कुणी फार विरोध केला नाही. एक म्हणाला, “बाकड्यावर निदान नाव तरी येतं.” तो चेष्टेत म्हणाला असेल. अठराचे चौदा झाले, शाळांच्या बॅचचं ‘प्रशासनानं तपासून अहवाल द्यावा’ झालं, संकुलाचे बेचाळीस कोटी जसेच्या तसे, आणि ‘उपसूचनेसह मंजूर’ असं म्हणून महापौरांनी हातोडा आपटला. रात्रीचे सव्वानऊ. बाहेर आलो तर रिक्षा नाही. आजी म्हणाल्या, “यापेक्षा तरंगणं सोपं.”

सभागृहाला अडीच तारे. दोन त्या नगरसेविकेचे, आणि अर्धा तारा आपला शब्द मागं घेणाऱ्याचा.

आता मे महिना चाललाय. मोटर नवी आली, जादाचीही आली, पाणी तळापर्यंत स्वच्छ दिसतं. चार तारे त्याचेच. महिलांच्या दोन खोल्यांना कड्या बसल्या, तिसरीला दारच नव्हतं त्यामुळे कडी नाही. शॉवरचं काम ‘निविदा प्रक्रियेत’ आहे. जाळीचं विचारलं तर म्हणाले, जाळीचं माप जुनं आहे, त्या मापाची आता मिळत नाही, सगळ्या काठाची एकदम बदलावी लागेल, म्हणजे ते नूतनीकरण होईल, म्हणजे ते भांडवली होईल. तोवर फ्लेक्स. पावसाळ्यापूर्वी नवा घालतो म्हणालेत. शाळांच्या बॅचचा अहवाल अजून आला नाही. मी दर सोमवारी क्रीडा विभागात फोन करते, उचलणाऱ्या मुलाला आता माझा आवाज ओळखू येतो. “काकू, नाही आला” एवढंच म्हणतो, नमस्कारही आधीच करून ठेवतो.

जाणाऱ्यांसाठी: पास काढायला सकाळी साडेदहाच्या आत पोचा, नंतर खिडकीवर कुणी नसतं. दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. दाखल्यावर तारीख आहे का बघा, नसली तर परत पाठवतात. पोशाख नायलॉनचाच, सुती चालत नाही. फाटकाबाहेरच्या टपरीवर मिळतो, पण शिवण कच्ची असते, घरी एक टीप मारून घ्या. सुट्टे पैसे न्या. मंगळवारी टँक बंद. ताई रजेवर आहेत का ते आदल्या दिवशी वॉचमनला विचारा, त्यालाच खरं माहीत असतं. आणि शॉवर आत शिरल्यावर तिसरा. पहिल्या दोघांच्या चाव्या फिरतात, पाणी येत नाही.